डावा गुडघा, पोशाख क्रमांक तीन

मी एक गुडघा बोलतोय. हसू नका. डावा गुडघा, हातभर लांब, पिवळा, कात्रीने वाकडातिकडा कापलेला. एके काळी मी आख्खा पोशाख होतो. डोक्यापासून बुटापर्यंत एकसंध, पाठीला पोक, तोंडासमोर काच आणि छातीवर काळा ठळक आकडा: तीन. त्यातला आता एवढाच उरलोय, आणि एका घरात, टेबलाच्या खणात, जुन्या चष्म्यांच्या शेजारी पडून आहे. बोलण्यात कडवटपणा आला तर सांभाळून घ्या. गोड बोलावं असं माझ्या आयुष्यात फार थोडं घडलं, आणि जे घडलं तेही माणसांनीच नासवलं.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे सुईदोरा कमी आणि तापवलेल्या पट्ट्याच जास्त. शिवणीवरून पट्टी फिरवायची, दाबायची, हवा जाईल एवढीही फट ठेवायची नाही. माझ्या डाव्या गुडघ्याची शिवण एका बाईने केली. पट्टी बसल्यावर तिने अंगठ्याने ती दोनदा दाबून पाहिली. एकदा दाबली असती तरी चाललं असतं, पण तिने दोनदा दाबली. माझ्या वाट्याला आलेल्या माणसांत ती पहिली, आणि चांगली.

मग परीक्षा. माझी सगळी तोंडं बुजवून आत हवा भरली. मी टम्म फुगलो. एक माणूस घड्याळ घेऊन समोर बसला. हवा उतरली नाही. अंगावर साबणाचं पाणी फिरवलं, कुठेच फुगा आला नाही. तेव्हा मला पास झाल्याचा शिक्का मिळाला. पोशाखाची परीक्षा इतकी सोपी असते. त्यात वशिला चालत नाही आणि गोड बोलणंही उपयोगाचं नाही. भोक असेल तर साबण सांगतो.

मला घेतलं एका रुग्णवाहिका तुकडीने. साधी रुग्णवाहिका तुम्ही पाहिलीच असेल. कुठे विषारी वायू सुटला, आम्ल सांडलं, की ती लांब उभी राहते, वारा तिच्याकडून तिकडे जाईल अशा बेताने. आतल्या माणसाला कुणी बाहेर आणून दिलं की तिचं काम सुरू. पण बाहेर येईपर्यंत तो टिकला तर ना! म्हणून ही वेगळी तुकडी. हे लोक डॉक्टर नव्हेत, पॅरामेडिक. पाठीवर हवेचं सिलिंडर, चेहऱ्यावर मास्क, वरून माझ्यासारखा पोशाख चढवून ते थेट आत शिरतात आणि पडलेल्या माणसाला तिथेच श्वास देतात, तिथेच रक्त थांबवतात. आग विझवणाऱ्यांचे पोशाख म्हणे खांद्याकोपरांत झिजतात. आमचे गुडघ्यांत जातात, कारण जमिनीवर पडलेल्या माणसापाशी उभं राहून उपचार करता येत नाहीत.

या तुकडीचे प्रमुख म्हणजे मास्तर. सगळे त्यांना मास्तरच म्हणत, अगदी वरचे साहेबसुद्धा. दोन माणसं आणि एक मागून आणलेली गाडी एवढ्यावर त्यांनी ही तुकडी उभी केली होती. पोटच्या पोरासारखी जपली होती. माणूस कडक, पण काळजाचा मऊ. पोशाख उतरवलेल्या प्रत्येकाला पहिला पाण्याचा पेला ते स्वतःच्या हाताने देत. त्यांचे नियम दोनच. पहिला: जे दिसलं ते बोलायचं, लपवायचं नाही. दुसरा: आत गेलेल्याने दर दोन मिनिटांनी रेडिओवर आवाज द्यायचा.

"काय बोलायचं हा प्रश्न नाही," ते नव्या माणसांना सांगत. "शिवी द्या, पाढे म्हणा, पण बोला. गप्प बसला तो मेला, असं धरायचं आणि दुसऱ्याला आत पाठवायचं."

मी ज्यांच्या अंगावर चढलो त्यांत माझी आवडती एक पोरगी. अंगाने लहानखुरी, म्हणून तीन नंबरचा पोशाख तिचा. मी सगळ्यांत आखूड होतो ना. आत गेली की ती गुणगुणत असे. कुठलंही गाणं नाही, नुसता एक सूर. मास्क लावलेला, त्यामुळे रेडिओवर फक्त गूं-गूं ऐकू येई. पहिल्यांदा मास्तर वैतागले. "हे काय चाललंय? भुंगा शिरलाय का रेडिओत?"

"मास्तर, गुणगुणलं की श्वास हळू होतो," ती म्हणाली. "हवा पुरते. आणि दोन मिनिटांचा तुमचा नियमही आपोआप पाळला जातो."

मास्तर घड्याळ बघत राहिले. त्या दिवशी तिच्या सिलिंडरमध्ये सगळ्यांपेक्षा जास्त हवा उरली. तेव्हापासून तिचं नाव पडलं भुंगा. तिचा जोडीदार उंच, त्याला लंबू म्हणत. आत जायचं ते जोडीनेच. लंबू आणि भुंगा शेजारी उभे राहिले की गाडीवाला म्हणायचा, "निघाले आमचे एक आणि अर्धा!" आणि भुंगा माझ्या हाताने त्याला गुद्दा दाखवायची. मला ते फार आवडे.

खरी कामं वर्षाकाठी चार-पाच. उरलेले दिवस मी काय केलं? फोटोत उभा राहिलो. कुणी पाहुणे आले की मला बाहेर काढत, आत कुणाला तरी उभं करत आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून पाहुणे हसत. शाळांच्या मैदानांवर, सभागृहांच्या पायऱ्यांवर मला गुडघे टेकायला लावलं. बाहुलीला श्वास द्यायचा, लोकांनी टाळ्या वाजवायच्या. खडीवर घासून घासून माझे गुडघे गेले ते तिथे, विषात नव्हे. त्यात मला टांगून ठेवायचं सोडून घडी घालून पेटीत कोंबत. घडी नेमकी गुडघ्यावर पडे. मास्तर नवीन पोशाख मागत राहिले. पत्रं गेली आणि वर कुठे तरी गडप झाली.

एका सुट्टीच्या दिवशी मास्तरांनी एकट्यानेच माझी परीक्षा घेतली. हवा भरली, साबणाचं पाणी फिरवलं. डाव्या गुडघ्याच्या शिवणीवर एक बारका फुगा आला. मोहरीएवढा. मग मुगाएवढा झाला आणि फुटला. लगेच दुसरा आला. मास्तरांनी मान हलवली, "गेलास रे बाबा," म्हणाले आणि माझ्या उजव्या बाहीवर लाल चिकटपट्टी लावली. आमच्यात लाल पट्टीचा अर्थ सरळ आहे: हा पोशाख सरावापुरता, खऱ्या कामाला न्यायचा नाही. मला वाईट वाटलं, पण खोटं नाही वाटलं. म्हातारपण मान्य करायला मी तयार होतो.

दोनच दिवसांनी निरोप आला, उद्या तपासणी. या तुकडीकडे आठ पोशाख असायलाच हवेत, एकही कमी असेल तर तुकडी अपुरी धरून बंद करायची आणि माणसं इतर गाड्यांवर वाटून टाकायची, असा नवा हुकूम होता. त्या दोन दिवसांत सराव झालाच नव्हता. माझी लाल पट्टी मास्तरांखेरीज कुणी पाहिलेली नव्हती.

मास्तर माझ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी नखाने पट्टीचं टोक उचललं आणि सावकाश ओढून काढली. "मोजणीत एक कमी दिसायला नको," ते पुटपुटले. "उद्या परत लावतो."

साहेब आले. तपासणी म्हणजे काय, तर बोट दाखवून मोजणं. एक, दोन, तीन... आठ. मला कुणी हातसुद्धा लावला नाही. साबणाचं पाणी बादलीत तसंच राहिलं. साहेबांनी मास्तरांची पाठ थोपटली. तुकडी वाचली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे फोटो, हारतुरे, मास्तरांचं भाषण. लाल पट्टीचं भेंडोळं टेबलावर पडून होतं आणि मी गाडीत होतो, खऱ्या कामाच्या जागी. उद्याचा परवा झाला. मास्तर विसरले. हो, विसरले. एवढं मी त्यांच्या बाजूने बोलतो, कारण पुढे बोलण्यासारखं काही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास फोन आला. काचेचा कारखाना. काचेवर नक्षी कोरायला एक आम्ल वापरतात, त्याचं पिंप कलंडलं होतं आणि एक कामगार त्याच पिंपाखाली पाय अडकून पडला होता. हे आम्ल दिसायला पाण्यासारखं. सौम्य असेल तर कातडीवर पडल्या पडल्या काही कळतही नाही. तास-दोन तासांनी कळतं, तोवर ते आत हाडापर्यंत पोचलेलं असतं. पण लगेच समजलं तर त्यावर मलम आहे. ते मलम आमच्या गाडीतच होतं, दाराजवळच्या कप्प्यात.

मास्तर कारखान्याच्या व्यवस्थापकाशी बोलण्यात गुंतले होते. लंबूने भुंग्याची चेन लावली, भुंग्याने लंबूची. अंगठे वर झाले. आम्ही आत गेलो.

कामगार शुद्धीवर होता, पण डोळे फिरवत होता. भुंगा त्याच्याजवळ गेली आणि नेहमीप्रमाणे गुडघे टेकून बसली. त्या सांडलेल्या आम्लातच. लंबू पिंप उचलायला लागला, भुंग्याने त्या माणसाच्या तोंडावर मास्क धरला आणि गुणगुणायला सुरुवात केली. गूं-गूं. बाहेर मास्तर ऐकत असणार. मी मात्र ओरडत होतो. उठ, पोरी, उठ! माझ्या शिवणीतून थेंब आत शिरत होता आणि मला तो अडवता येत नव्हता. ज्या एका कामासाठी माझा जन्म, तेच मला जमत नव्हतं. सतरा मिनिटं ती तिथे बसली होती. तिला गुडघ्याला ओल लागली. पण माझ्या आत प्रत्येक जण घामाने निथळतो. ओला गुडघा म्हणजे घाम, हे या धंद्यातला कुठलाही माणूस डोळे मिटून सांगेल. तिनेही तसंच धरलं.

कामगाराला बाहेर काढलं, लगेच मलम लावलं. तो वाचला. आम्हाला फवाऱ्याखाली धुतलं. मग भुंग्याचा पोशाख उतरवायला मास्तर स्वतः पुढे झाले. त्यांनी माझी चेन उघडली, उजवी बाही धरली आणि त्यांचे हात थांबले. बाहीवर पट्टीच्या गोंदाचा चौकोन होता. त्याला धूळ चिकटून काळपट रेघ उमटली होती. त्यांनी छातीवरचा आकडा पाहिला. तीन.

"कुठे झोंबतंय का तुला?" त्यांनी विचारलं.

"नाही हो. डावा गुडघा ओला आहे नुसता. घाम."

मास्तरांनी तोंड उघडलं. मलमाचा कप्पा तिथून चार पावलांवर होता. आजूबाजूला साहेब, कॅमेरेवाले, कारखान्याचे लोक. आजही मला ते उघडलेलं तोंड दिसतं. मग ते मिटलं.

"बरं," ते म्हणाले. "पाणी पी." आणि नेहमीप्रमाणे स्वतःच्या हाताने पेला दिला.

दोन तासांनी तिच्या किंकाळ्यांनी तुकडीची खोली हादरली. नंतर तीन शस्त्रक्रिया झाल्या. पाय राहिला, गुडघा गेला. तो आता वाकत नाही.

चौकशी झाली. मला पिशवीत घालून, सील लावून टेबलावर ठेवलं होतं, म्हणून सगळं ऐकलं. साहेब म्हणाले, पोशाखात दोष असणं शक्य नाही, अपघाताच्या दोनच दिवस आधी तपासणी झालीय, सगळेच्या सगळे आठ पोशाख व्यवस्थित होते. मग आम्ल लागलं कुठून? पोशाख उतरवताना तिनेच बाहेरची बाजू अंगाला लावून घेतली असणार. असे अपघात होतात. त्यांनी मास्तरांना विचारलं, तुम्ही समोर होतात, काय झालं? मास्तर टेबलाकडे बघत होते. म्हणजे माझ्याकडे.

"घाई झाली असावी," ते म्हणाले.

'झाली' नव्हे, 'झाली असावी'. तेवढ्या एका शब्दाच्या आडोशाला उभे राहून त्यांनी तिचा बळी दिला. कागदावर लिहिलं गेलं, कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा.

आणि तिने ते खरं मानलं! याचा मला सगळ्यांत जास्त राग आहे. मास्तर खोटं बोलणार नाहीत, हा तिचा विश्वास. तिला स्टोअरमध्ये बसायचं काम दिलं. काठी टेकत यायची, डावा पाय पुढे काढून खुर्चीत बसायची. माझी पिशवी समोरच्या खुंटीला. कधी कधी रिकाम्या हातांनी पोशाख उतरवण्याची कृती हवेत करून बघायची. आधी बाही, मग कंबर, मग पाय. "इथे हात लागला असेल का?" स्वतःशीच विचारायची. पुन्हा पहिल्यापासून. दोन वर्षं रोज हेच. गुणगुणणं कधीच बंद झालं होतं.

एके दिवशी तो काचेच्या कारखान्यातला कामगार तिला शोधत आला. बरोबर एक पेला, त्यावर कोरलेला भुंगा.

"ताई, तुमचं नाव विचारलं तर लोक भुंगाच म्हणाले," तो लाजत म्हणाला. "म्हटलं बरोबरच आहे. त्या आवाजावर तर मी जागा राहिलो."

तिने पेला हातात घेतला. खूप दिवसांनी हसली.

"पण एक सांगू? तेव्हा मी तुम्हाला सारखा सांगत होतो, उठा, खाली बसू नका. तुमचा डावा गुडघा पार त्यात बुडाला होता. मास्कमुळे तुम्हाला ऐकू गेलं नसेल."

"डावा?" तिने विचारलं.

"डावाच. माझ्या नाकासमोर होता की."

तो गेल्यावर ती कितीतरी वेळ माझ्याकडे बघत बसली. त्याच आठवड्यात वरून कागद आला: चौकशी संपली, पोशाख क्रमांक तीन कापून जाळायला पाठवावा. कापायचं काम अर्थातच स्टोअरवालीचं.

तिने दार लावून घेतलं. सील फोडलं. मला टेबलावर पसरलं, सगळी तोंडं बुजवली, पंप लावला. मी फुगलो. दोन वर्षांनी आत हवा आली. तिने बादलीत साबण कालवला आणि ती फडक्याने पाणी फिरवायला लागली. आधी बाह्या, मग छाती, मग उजवा पाय. डाव्याला मुद्दाम शेवटी ठेवलं, भीती वाटत असावी. फडकं गुडघ्यावर आलं.

मोहरीएवढा फुगा. मग मुगाएवढा. फुटला. दुसरा आला.

तिने फडकं ठेवून दिलं आणि ती टेबलावर डोकं टेकून रडली. "मी नाही," म्हणत होती. "मी नाही चुकले गं आई, मी नाही चुकले." मग तिचं लक्ष बाहीवरच्या गोंदाच्या चौकोनाकडे गेलं. या धंद्यातल्या माणसाला तो चौकोन कसला हे सांगावं लागत नाही, आणि पट्टी लावायचा अधिकार तुकडीत एकालाच होता. तिचं रडणं थांबलं. कात्री उचलली. मला कापताना तिच्या घशातून बारीक आवाज येत होता. गूं-गूं. बाकीचा मी जाळायला गेला, गुडघा तिने पर्समध्ये ठेवला.

मला वाटलं, आता मी पुरावा होणार. पण सील तिनेच फोडलेलं, मला कापलं तिनेच. कोण विश्वास ठेवणार?

महिन्याभराने मास्तरांचा निवृत्तीचा समारंभ झाला. सभागृह भरलेलं. साहेबांनी मास्तरांचे गोडवे गायले, त्यांच्यामुळे तुकडी टिकली म्हणाले, आणि ते खरंही होतं. एकेक जण शाल, फुलं घेऊन पुढे जात होता. भुंगाही काठी टेकत निघाली. लंबूने हात देऊ केला, तिने नको म्हटलं. व्यासपीठाच्या पायऱ्या तिने डावा पाय बाजूने ओढत चढल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"ये गं पोरी," मास्तर उठून उभे राहिले. डोळे भरले होते. "वाकू नकोस."

"वाकता येतच नाही, मास्तर," ती म्हणाली. आणि पर्समधून मला काढून त्यांच्या हातात ठेवलं. "तुमचं तुम्हाला परत करतेय. मोजणीत एक कमी दिसायला नको."

ते वाक्य तिने कधी ऐकलं नव्हतं. पण आठ पोशाख, तपासणी आणि पट्टीचा डाग एवढं कळल्यावर कुणालाही सुचेल असं ते वाक्य आहे. समोर माईक होता, चालू होता. ती क्षणभर थांबली, त्यांना बोलायला जागा देत. मग वळली आणि आली तशी पायऱ्या उतरली. मास्तरांनी मला घाईघाईने कोटाच्या खिशात घातलं.

तेव्हापासून मी या खणात आहे. मास्तर कधी कधी खण उघडतात, मला टेबलावर ठेवतात, कागद पुढे ओढतात. "माननीय साहेब," एवढं लिहितात. पुढे लेखणी सरकत नाही. कागद फाटतो, खण बंद होतो. ती अजून त्याच स्टोअरमध्ये बसते, आणि तिच्या कागदावर अजून निष्काळजीपणाच लिहिलेला आहे.

मास्तर, मला दया नको. कातडी गेली, आकडा गेला, मला काय घेणं आहे कशाशी? फक्त मला त्या कागदाबरोबर पाकिटात घाला आणि वर पाठवा. चार ओळी पुरे. आत गेलेल्याने दर दोन मिनिटांनी आवाज द्यायचा, हे तुम्हीच शिकवलंत. गप्प बसला त्याला काय धरायचं, तेही तुम्हीच. मास्तर, तुम्ही दोन वर्षं गप्प आहात.